ओढ्याकाठचं भाषण

आमच्या काउंटीत ज्याच्याकडे दोन कोट आणि एक घोडा असेल त्याला लोक कर्नल म्हणतात. लिलाव पुकारणारा कर्नल, घोड्यांचा दलाल कर्नल, गुत्त्याचा मालकसुद्धा कर्नल. अल्फियस क्रँडल मात्र खराखुरा कर्नल होता, आणि कुणी त्याला तशी हाक मारली की पायावर पाय पडल्यासारखा चेहरा करायचा. मी त्याला शेवटपर्यंत कॅप्टनच म्हणत आलो. कॅप्टन त्याला आम्ही केलं होतं, आणि पुढे जे काही झालं ते तिथूनच सुरू झालं.

मी एझ्रा प्रुइट. पेरीज मिल गावात कोर्टासमोर जीन-लगामाचं दुकान आहे ते माझं. कंबरेत लोखंडाचा एक तुकडा राहिलाय, त्यामुळे मी जरा तिरका चालतो आणि त्याहून तिरका बोलतो, असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. तिने लग्न केलं तेव्हा तुकडा होताच.

क्रँडल आमच्या इंडियाना राज्यात आला तेव्हा त्याच्यापाशी कायद्याची दोन पुस्तकं आणि एकच धड शर्ट होता. तो टॅबिथा लूमिसकडे राहायला आला; सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं. मावशीचा नवरा पिठाच्या गिरणीच्या बंधाऱ्यात बुडून गेला होता. वरच्या दोन खोल्या ती भाड्याने द्यायची आणि खाली जेवण घालायची. तिला एकुलता एक मुलगा, ऑरिन. या ऑरिनला क्रँडलचं भलतंच वेड लागलं. त्याच्या कचेरीत बसून त्याची पुस्तकं वाचायची, त्याच्या मागे कोर्टाकोर्टांतून हिंडायचं, कारण पोराला वकील व्हायचं होतं आणि आमच्याकडे वकील असेच होत असत.

आणि वेड लागण्यासारखंच होतं ते. क्रँडल बोलायला उभा राहिला की लोक पेरणी टाकून कोर्टात येत. ज्युरीतली माणसं पोट धरून हसायची आणि हसता हसता आरोपीला सोडून द्यायची. एका डुकराच्या खटल्यात तर न्यायाधीशाला असा ठसका लागला की कामकाज थांबवावं लागलं. ज्याचं डुक्कर चोरीला गेलं होतं तोही हसत होता. नंतर घरी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हरलो.

देशातून फुटून निघालेल्या दक्षिणवाल्यांनी सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्याची तार आली त्या आठवड्यात आमच्या गावाने एक तुकडी उभी केली. सगळे एकमेकांचे शेजारी, चुलत, मावस, एकाच शाळेत मार खाल्लेले. आता तुकडीला कॅप्टन हवा. तो वरून कुणी धाडत नव्हतं, तो आम्हीच मत देऊन निवडायचा होता. आम्ही स्वतंत्र माणसं, आम्हाला कोण हुकूम करणार हे आम्हीच ठरवणार, असा तो सगळा तोरा होता.

उभे राहिले दोघे. एक जोनास फेटरॉल्फ, गाडीवान, पूर्वी मेक्सिकोच्या लढाईत जाऊन आलेला. तो कोर्टाच्या पायरीवर चढला, टोपी काढली आणि म्हणाला, "मी तुमच्याकडून रोज कवायत करून घेईन. तुम्हाला माझा राग येईल. पण तुमच्यातले जास्त जण परत येतील." एवढं बोलून खाली उतरला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हे काय भाषण झालं? मग क्रँडल उभा राहिला, आणि तो थांबला तेव्हा बायका रडत होत्या, बँडवाल्याला वाजवायचं भान नव्हतं आणि मला असं वाटत होतं की मी एकटा जाऊन हे युद्ध संपवून येईन.

मत द्यायची आमची रीत म्हणजे ज्याला मत द्यायचं त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. फेटरॉल्फच्या मागे दोघे उभे राहिले, एक त्याचा मेहुणा आणि दुसरा एक बहिरा. बाकी सगळे आम्ही क्रँडलच्या मागे. ऑरिन सगळ्यांत पुढे होता. फेटरॉल्फने मागे वळून त्या बहिऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्याशी हात मिळवला. फेटरॉल्फ सार्जंट झाला, आणि पुढच्याच वर्षी छावणीत तापाने गेला.

निघताना स्टेशनवर मावशी आली होती. तिने ऑरिनच्या गळ्यात मफलर गुंडाळला, एप्रिल महिना होता तरी. मग क्रँडलचा हात धरून म्हणाली, "अल्फ, माझ्याकडे हा एकच आहे."

"माझ्या डोळ्यांसमोर ठेवीन, मावशी," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. त्या माणसाने खोटं कधी म्हटलंच नाही, हे मी कुणाहीपुढे शपथेवर सांगेन.

त्याचे हुकूम ऐकून शेजारच्या तुकड्या हसायच्या. दुसरे कॅप्टन कुत्र्यासारखे भुंकायचे, आमचा कॅप्टन समजावून सांगायचा. पहारा याच बाजूला का, आज कूच का, सूप पातळ का. आम्ही मतदार आणि तो उमेदवार, हे तो विसरला नाही आणि आम्हीही त्याला विसरू दिलं नाही. कुणी म्हणायचं, "कॅप्टन, हे मला पटलं नाही," आणि तो खरोखर थांबून त्याला पटवायचा. फेटरॉल्फ बाजूला उभा राहून दात ओठ खायचा. आम्हाला मात्र फार अभिमान होता. आम्हाला कुणी गुरासारखं हाकत नाही, असं आम्ही घरी लिहायचो.

मग टेनेसीतला तो ओढा आला. त्याला तिथले लोक काय म्हणतात ते मला कधीच कळलं नाही. आम्ही अजून एकदाही गोळीबारात सापडलो नव्हतो. उतारावर गव्हाची कापणी झालेलं रान होतं, खाली ओढा, पलीकडे लाकडी कुंपण आणि त्याच्यामागे झाडी. घोड्यावरून एक अधिकारी आला, क्रँडलला म्हणाला, "ओढा ओलांडा आणि ते कुंपण घ्या," आणि निघून गेला. आम्ही ते ऐकलं. आमचे चेहरे उतरले. कुणीतरी मागून पुटपुटलं, "आम्हीच का?"

क्रँडलने ते ऐकलं. त्याने आम्हाला उतारावर, उघड्या रानात, ओळीने उभं केलं, स्वतः आमच्यापुढे आला, ओढ्याकडे पाठ केली आणि बोलायला लागला. माणसाला मरायला पाठवायचं तर का ते सांगायला हवं, असं त्याला वाटत होतं. आणि आम्हालाही तेच वाटत होतं. मला आजही त्यात काही वाईट दिसत नाही, आणि म्हणूनच माझं डोकं फिरतं.

तो छान बोलला. आमचे खांदे सैल झाले. शेवटी त्याने एक विनोद सांगितला आणि आम्ही सगळे खदाखदा हसलो, त्या रानात, दिवसाढवळ्या, शत्रूसमोर. पहिला गोळा पडला तो पुढच्या रांगेवर. आम्ही हसत होतो तोपर्यंत त्यांनी झाडीत तोफा आणून नेम धरला होता. मग दुसरा आला, तिसरा आला. त्यानंतर कुणी हुकूम दिला नाही. आम्ही ओरडत खाली पळत सुटलो, ओढ्यातून गेलो आणि ते कुंपण घेतलं. कुंपणापाशी आमचा एकही माणूस मेला नाही. मेले ते सगळे रानात, उभ्या उभ्या, भाषण ऐकताना. ऑरिन पहिल्या गोळ्यातच गेला. मला माझा तुकडा तिसऱ्यात मिळाला, आणि तरी मी ओढ्यापर्यंत कसा पोचलो ते देव जाणे.

कुंपण मिळालं म्हणून क्रँडलला बढती मिळाली, आणि तिथून चढत तो कर्नल झाला. मागच्या तुकडीतल्या कुणीतरी वर्तमानपत्राला कळवलं की लढाईच्या तोंडावर एका कॅप्टनने असं भाषण दिलं की पोरं हसत हसत मरणाला सामोरी गेली. झालं. आमच्या आधी ती गोष्ट गावात पोचली. मी काठी टेकत घरी आलो तर जो तो मला विचारतोय, "एझ, ते ओढ्याकाठचं भाषण तू ऐकलंस ना रे? नशीबवान आहेस."

काय सांगणार? जे वाचले ते आम्ही कधी एकत्र बसून ठरवलं नाही. पण एकानेही तोंड उघडलं नाही. ज्यांच्या घरी खुर्ची रिकामी झाली त्यांना निदान एवढं तरी मिळालं होतं की पोरं हसत गेली. ते खोटं नव्हतं. फक्त का हसत होती आणि हसल्यामुळे काय झालं, ते राहिलं होतं.

युद्ध संपल्यावर क्रँडल परत आला, त्याच जुन्या खोलीत वकिली करायला लागला. लोकांनी त्याला राज्याच्या विधिमंडळात पाठवलं, मग दोनदा वॉशिंग्टनला, काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत. तो उभा राहिला की पडायचाच नाही. प्रत्येक सभेत मागून आरोळी यायची, "कर्नल, ओढ्याकाठचं होऊ द्या." तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "ते माझ्यापाशी उरलं नाही." लोकांना वाटायचं, काय विनय आहे, आणि आणखी मतं द्यायचे. लग्न त्याने केलं नाही. वॉशिंग्टनहून गावी आला की रविवारी मावशीकडे जायचा, तिची लाकडं फोडायचा, तिथेच जेवायचा. काँग्रेसचा माणूस बाह्या दुमडून लाकडं फोडतोय म्हणून शेजारणी खिडकीतून बघायच्या. मावशी त्याला किती वेळा विचारायची, "अल्फ, त्या दिवशी काय बोललास रे तू?" आणि तो म्हणायचा, "मावशी, तुमचा धूर बाहेर जात नाहीये, धुराडं साफ करायला हवं." वर्षानुवर्षं असं चाललं. त्या बाईचं धुराडं अख्ख्या काउंटीत सगळ्यात स्वच्छ होतं.

मग गावाने स्मारक करायचं घेतलं. दगडी शिपाई मागवला. आला तो भरघोस मिशांचा. आमच्या पोरांपैकी निम्म्यांना धड मिसरूड फुटलेलं नव्हतं. ते जाऊ दे. चबुतऱ्यावर काय कोरायचं यावरून मात्र मंडळी हट्टाला पेटली. ओढ्याकाठच्या भाषणातली दोन वाक्यं हवीत. क्रँडलकडे गेले, तो नाही म्हणाला. माझ्याकडे आले, मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. वर्तमानपत्राचा संपादक हॉलिस, जो युद्धात शाई सोडून कशानेच माखला नव्हता, तो मला म्हणाला, "एझ्रा, इतिहासाचं तुम्ही काही देणं लागता." मी म्हटलं, "आधी तुझ्या लगामाचा पट्टा घेऊन जा, महिना झाला पडलाय."

त्यांना मी हाकलू शकत होतो. मावशीला कसं हाकलणार? एका दुपारी ती स्वतः दुकानात आली, खोगिराच्या चौकटीवर हात टेकून उभी राहिली. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं तेव्हा.

"एझ, मला त्या दगडाशी काही घेणंदेणं नाही," ती म्हणाली. "पण माझं आता किती राहिलंय? माझ्या पोराच्या कानावर शेवटी काय पडलं ते मला ऐकायचंय. अल्फ मला सांगत नाही. तू त्याला सांग, उद्घाटनाच्या दिवशी ते एकदा बोल म्हणावं. माझ्यासाठी."

"मावशी, इतक्या वर्षांनी त्याला कुठलं आठवणार?"

"त्याला? त्याला चौथीतला पाठ अजून येतो. तू विचार तर खरं."

मी क्रँडलच्या कचेरीत गेलो. भरदुपारी तो खिडकीचा पडदा ओढून बसला होता, पुढ्यात कागद नाही, काही नाही. मी त्याला सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, "कॅप्टन, बनव काहीतरी. देश, झेंडा, आईबाप. तुला काय कठीण आहे? म्हातारी समाधानाने जाईल."

"अगदी सोपं आहे," तो म्हणाला. "आत्ता बसल्या जागी बनवीन, आणि तू स्वतः ऐकून रडशील. म्हणूनच नको."

"मग काय करणार आहेस?"

"खरं सांगणार."

"तू तिला मारून टाकशील," मी म्हणालो. "आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं तोंडं शिवून घेतली ती कशासाठी? तुझ्यासाठी नव्हे. त्या घरांसाठी."

"माहीत आहे मला. पण ते आता दगडावर कोरणार आहेत, एझ. मी गेल्यावर पोरांना शिकवणार आहेत की असं करावं." तो उठला आणि पडदा बाजूला केला. "मला एकदा तरी कुणीतरी दोषी म्हणायला हवं. मी आयुष्यभर दुसऱ्यांना सोडवत आलो, मला धरायला कुणी येतच नाही."

मी पिकदाणीला लाथ मारून बाहेर पडलो. मला त्याचा राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही मला आवडत नाही.

मे अखेरीस, शिपायांची थडगी फुलांनी सजवायच्या दिवशी, उद्घाटन ठरलं. कोर्टाच्या हिरवळीवर सगळी काउंटी लोटली होती. शाळेच्या मुली पांढऱ्या कपड्यांत, टेबलांवर लिंबू सरबत आणि थंड कोंबडी, बँडवाले घामाघूम. पुढच्या रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या त्या गेलेल्या पोरांच्या आयांसाठी. मूळच्या बऱ्याच होत्या, आता चारच उरल्या होत्या. मावशी मधोमध बसली होती, मांडीवर हात जुळवून. मी तिच्या मागे उभा होतो.

क्रँडल उठला तेव्हा आरोळी उठली, "ओढ्याकाठचं." या वेळी त्याने मान हलवली नाही. तो म्हणाला, "हो. आज तेच सांगतो."

आणि त्याने सांगितलं. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. "मला हुकूम आला होता तो एका दमात सांगता येईल एवढा. मी तो तसाच पुढे द्यायला हवा होता. मी भाषण दिलं. तुमच्या मुलांना मी उघड्या रानात उभं केलं, कारण मला त्यांचे चेहरे दिसायला हवे होते. मधे एकदा मी मागे वळून पाहिलं. झाडीत घोडे हलताना मला दिसले. तोफा ओढणारे घोडे. पण मी वाक्याच्या मधे होतो. माझी माणसं हसत होती आणि मला ते आवडत होतं, म्हणून मी ते वाक्य पुरं केलं. त्या रानात गेलेल्या ज्या पोरांची नावं या दगडावर आहेत त्यांना दक्षिणवाल्यांनी मारलं नाही. ती सगळी माझ्या बोलण्याने मेली. ऑरिन लूमिस माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तसं वचन दिलं होतं."

मी मावशीच्या पाठीकडे बघत होतो. मग कुठेतरी एक बाई हुंदका देऊन रडली. मग एकाने टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. आणि मग सगळ्या काउंटीने, टोप्या हवेत, पायांनी जमीन बडवत. मला आधी कळेचना काय चाललंय. हॉलिस माझ्या शेजारी डोळे पुसत म्हणाला, "काय मन आहे माणसाचं. मेलेल्यांच्या पायाशी स्वतःला कसं वाहिलं बघा."

क्रँडलने दोन्ही हात वर केले. "नाही," तो म्हणाला. "ऐका, मी अलंकारिक बोलत नाही. हे खरं आहे. मी त्यांना मारलं." त्यावर टाळ्या आणखी वाढल्या. तो पुन्हा काही बोलायला गेला तेव्हा बँडमास्तरला वाटलं, आता आपली वेळ झाली, आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. क्रँडल तिथे तोंड उघडं ठेवून उभा राहिला. इतक्या लोकांत इतका एकटा पडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. ज्याने खुन्यांनासुद्धा सोडवलं होतं त्याला स्वतःचा गुन्हा कुणाला पटवता येईना, कारण तो फारच चांगला बोलत होता. मला त्याची इतकी दया आली की मी तिथून निघून जायला बघत होतो.

मावशीने टाळी वाजवली नव्हती. लोक जेवणाकडे वळल्यावर तिने मागे न बघता हात पुढे केला. मी तो धरला.

"एझ, ते असंच झालं का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो, मावशी. असंच झालं."

"तुम्ही सगळ्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"नाही."

ती मला घेऊन चबुतऱ्याकडे निघाली. क्रँडल व्यासपीठाच्या पायरीवर बसला होता, हातात टोपी. तिला बघून उठायला लागला. "बस," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"तू काय बोललास ते अजून सांगितलंच नाहीस."

"काय, मावशी?"

"त्या दिवशी. रानात. शब्द कोणते ते. मी त्यासाठी आले होते."

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "मी शपथ घेऊन सांगतो. घोडे आठवतात, ऑरिनचा चेहरा आठवतो. माझ्या बोलण्यातला एक शब्दही आठवत नाही. मी फार प्रयत्न केला."

एवढा माणूस, पण त्याचे ओठ लहान मुलासारखे हलायला लागले. मावशीने मान माझ्याकडे वळवली. आता काय करणार? मला आठवत होतं. मला सगळंच्या सगळं आठवत होतं, माझ्या कमरेत बसलंय ते.

"बाकीचं जाऊ दे मावशी, ते देशाबिशाचं होतं," मी म्हणालो. "शेवटी त्याने एक विनोद सांगितला. एका खटल्यात ज्युरीतला एक म्हातारा घोरत होता. न्यायाधीश चिडून म्हणाले, अहो, उठा, वकील बोलतायत ते ऐका. म्हातारा म्हणाला, साहेब, माझा निकाल सकाळीच ठरलाय. या दोघांचं बोलून संपलं की..." मी थांबलो.

"की काय?"

"ते शेवटचं कॅप्टनने सांगितलंच नाही. ऑरिनला तो विनोद पाठ होता. त्याने पुढच्या रांगेतून आधीच ओरडून सांगितलं. म्हणाला, जेवायला उठवा. आम्ही त्याच्यावरच हसलो, मावशी. कॅप्टनच्या बोलण्यावर नाही. आणि त्याच हसण्यात तो गोळा आला. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

"जेवायला उठवा," मावशी म्हणाली.

"हो."

तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, हसू नव्हतं आणि रडूही नव्हतं. "असा मधे बोलायचा तो," ती म्हणाली. "किती वेळा रागावले मी. मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये म्हणून." मग तिने डोळे पुसले, रुमालाने नाही, नुसत्या तळहाताने, जसं काही कणीक लागली होती. थोड्या वेळाने ती क्रँडलला म्हणाली, "रविवारी ये नेहमीसारखा. जेव. पण माझ्या घरात आता बोलायचं नाही, अल्फ. एक शब्द नाही."

"बरं," तो म्हणाला. तो त्याचा तिच्याशी बोललेला शेवटचा शब्द.

हॉलिसने ते भाषण छापलं. इतर गावांच्या वर्तमानपत्रांनी ते उचललं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पोरं ते पाठ करून म्हणायला लागली, हात हलवून. माझ्या स्वतःच्या नातीने ते म्हणून बक्षीस आणलं. 'मी वाक्याच्या मधे होतो' हे ती डाव्या हाताची मूठ छातीवर ठेवून म्हणायची. पक्षवाले क्रँडलकडे आले, गव्हर्नरसाठी उभे राहा म्हणाले, आता तर बिनविरोध. त्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं. हळूहळू त्याने खटले घेणं बंद केलं. कागद बघून द्यायचा, सही करायचा, मान हलवायचा. लोक म्हणायचे, कर्नल म्हातारे झाले.

रविवारी मात्र चुकायचा नाही. एकदा मी मावशीचा गाडीचा पट्टा द्यायला गेलो तर दोघं टेबलाशी समोरासमोर बसली होती. ती वाढत होती, तो खात होता. त्याला आणखी बटाटे हवेत का हे ती विचारत नव्हती, नुसती वाटी पुढे सरकवत होती. मी तिथे जास्त थांबलो नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तो न्यूमोनियाने गेला. गावाने अंत्ययात्रा अशी काही काढली की बास. खास गाडीने विधिमंडळातली माणसं आली. थडग्यापाशी बोलायला तिघांची नावं ठरली होती, पहिला हॉलिस. शवपेटी दोरांवर धरून आम्ही सहा जुने शिपाई उभे होतो, बर्फ पडत होतं, माझी कंबर ओरडत होती. हॉलिस पुढे आला, खिशातून कागद काढला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मित्रांनो, असा वक्ता..."

मावशीने काठीने त्याला बाजूला केलं. ती खड्ड्याच्या काठापर्यंत आली. तिला खड्डा दिसत होता की नाही कोण जाणे. हॉलिस म्हणाला, "मावशी, मी अजून सुरुवातच..." ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. ती आम्हाला म्हणाली, "खाली सोडा."

आम्ही सोडलं.